इसिकेलीनं ओढलेली पानं

दोष इसिकेलीचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी त्याच्या वयाचा मान पुढे करायला नको.

मी इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक बोलतोय. दोनशे बारा पानांचा जन्मलो, आता एकतीस उरलोय. कागद बायबलसारखा पातळ. तेच माझ्या मुळावर आलं.

दानाच्या खोक्यातून बोटीनं या बेटावर उतरलो. शाळेत मला कुणी उघडलं नाही. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मध्ये घातलं. तिथून वासितीनं उचललं. इंग्रजीपायी शाळा सुटलेली पोर ती. राजधानीत, सुवाला, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला शेवटचं बसायचं होतं. वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती.

कसाव्याच्या मळ्यातही ती मला न्यायची. नामं आली, क्रियापदं आली. विशेषणांशी अडली. मग आईला विचारायची, "आई, आपल्या डुकराला काय काय म्हणता येईल?"

"लठ्ठ म्हण. आळशी म्हण. मोठ्या बाबांसारखं म्हण."

"तिन्ही चालतील?"

"तिसरं कागदावर नको लिहूस, बाई."

मोठे बाबा म्हणजे इसिकेली, तिच्या बापाचा थोरला भाऊ. एकदा घरी आला, माझं एक पान बोटांत चोळून पाहिलं. "झकास कागद आहे गं, तंबाखू वळायला. केरेकेरे."

नातेवाइकानं हा शब्द उच्चारला की नाही म्हणायचं नसतं. अंगातला सदरा असो, होडी असो, काढून द्यायची. जो नाही म्हणेल त्याच्या मयताला कुणी फिरकत नाही.

"परीक्षेनंतर घ्या ना, मोठे बाबा."

"तोवर काय बोटं ओढू?"

वासितीनं बापाकडे पाहिलं. बाप चटईकडे बघत म्हणाला, "दे."

मग रोज संध्याकाळी यांगोनाच्या, म्हणजे मुळी कुटून केलेल्या नशेच्या पेयाच्या, भांड्याभोवती म्हातारे जमायचे आणि मला फाडायचे. वासिती इसिकेलीच्या पाठीशी येऊन बसायची. "थांबा, एवढं पान वाचू द्या."

"वाच, वाच. पण लवकर, माझा जीव चाललाय इथे!"

सगळे खदाखदा हसायचे. मुलींनी शिकावं म्हणून रविवारी गळा काढणारा पाद्रीही हसायचा. त्याच्याही बोटांत माझंच पान.

विशेषणांचा धडा अकरा पानांचा. गावात मयत झालं, पाहुण्यांच्या जेवणासाठी वासिती बायकांबरोबर खडकावर मासे धरायला गेली. तेवढ्यात तो अख्खा धडा पाहुण्यांत वाटून झाला. परतली तेव्हा राख होती. मासे साफ करत बसली.

परीक्षेत विचारलं, आपल्या गावाचं वर्णन करा. घरी येऊन आईला म्हणाली, "घरं आहेत, लिहिलं. समुद्र आहे, लिहिलं. माणसं बसतात, लिहिलं. कसली माणसं, ते काही लिहिता आलं नाही."

निकालाचं पत्र आलं तेव्हा इसिकेली म्हणाला, "देवाची इच्छा." आणि हात चटईखाली घातला. मी तिथेच असतो.

मला वाचवू नका, माझं आटोपलंय. पण पुढच्या बोटीनं दुसरं पुस्तक उतरेल, तेव्हा एकदा तरी या म्हाताऱ्यांच्या तोंडावर नाही म्हणा. मयताला नाही आले तर नाही आले.

वर्णनाला वीस गुण होते. वासितीला पास व्हायला नऊ कमी पडले.