तानूबाईचा चेहरा

अमेरिकेत ॲन आर्बरला विद्यापीठात शिकवणाऱ्या लेकीकडे, उपासनाकडे आलेले ईश्वर रामटेके तिथल्या एका संग्रहालयात काचेच्या कपाटापुढे थबकले. आत प्लास्टरचे चेहरे मांडले होते. एकाखाली लिहिलं होतं, ‘महार स्त्री, मध्य भारत’. त्या चेहऱ्याची डावी भुवई मधोमध दुभंगलेली होती.

“उपासना, ही माझी आजी. तानूबाई.” त्यांनी त्या भुवईकडे बोट दाखवलं. “गावोगाव चेहऱ्यांचे साचे घेत फिरणाऱ्या गोऱ्या साहेबानं तोंडावर ओला लगदा थापला, नाकात नळ्या घातल्या. आता मरतेच असं वाटलं, म्हणायची.”

उपासनानं तिथल्या अधिकारी बाईंना बोलावलं. “नात्याचा पुरावा लागेल,” त्या मवाळपणे म्हणाल्या.

उपासनानं ते मराठीत सांगताच ईश्वरराव ताठ झाले. “त्यांना विचार, आजीला विचारून साचा घेतला, याचा पुरावा त्यांच्याकडे आहे का?”

बाई म्हणाल्या, “आम्ही खाली तिचं नाव लावू.”

“नाव लावून इथंच ठेवणार? ती नमुना नाही, आमचं माणूस आहे. तिला घेतल्याशिवाय मी जात नाही.”

त्यांनी परतीचं तिकीट कॅन्सल केलं. रोज ते कपाटासमोर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मोडक्या इंग्रजीत तानूबाईची हकिकत सांगत. हळूहळू उपासनाचे विद्यार्थीही शेजारी बसू लागले. बर्फ वितळायला लागल्यावर संग्रहालय नमलं.

घरी जाताना बसमध्ये ईश्वररावांनी खोकं मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या प्रवाशानं आत काय आहे, असं विचारलं.

“माय ग्रँडमदर,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.