निळा गाल

निशाचं नाव आधी पुकारलं गेलं, आणि कोकिळाबाईंच्या बोटांतली माळ एका मण्यावर अडकून राहिली.

नंबर त्यांचा पहिला होता. महादेवाला पाणी घालून, साडेआठला लोधीपुऱ्यातून निघून त्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. निशा दापोऱ्याहून नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून दहाला आली. भूपेंद्रनं तिची पिशवी धरली, पाण्याची बाटली धरली, खाली उतरताना तिचा हातही धरला. आल्या आल्या ती कोकिळाबाईंना चिकटून बसली, "ताई, कश्या हायेत तुम्ही?" म्हणाली, आणि तेवढ्यात आतून कविता सिस्टरनं हाक दिली.

"कविता, माझा नंबर आहे ना गं?" कोकिळाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या मोठ्यानं कधी बोलतच नसत.

"हो काकू, पण त्यांना वेळ लागणार आहे. सरांनीच सांगितलंय. तुमचं काय, दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम. कोकिळाबाईंनी मान डोलवली. सकाळपासून त्यांच्या पोटात घोटभर पाण्याशिवाय काही नव्हतं.

निशा त्यांची कुणी नात्यागोत्यातली नव्हती. मागच्या वर्षी माघात जळगावला एकाच दिवशी, एकाच डॉक्टरांच्या हातून दोघींचं ऑपरेशन झालं होतं. कानाच्या पुढं गालात लाळेची जी ग्रंथी असते तिच्यात दोघींनाही गाठ होती. कोकिळाबाईंची उजवीकडं, निशाची डावीकडं. दोघींचीही गाठ साधी निघाली. शेजारशेजारच्या खाटांवर आठवडा काढला, एकीच्या डब्यातलं दुसरीनं खाल्लं. मग डॉक्टर निरंजन एक सोमवार सोडून एक बुऱ्हानपूरला येऊन बसू लागले, तशा त्या तपासणीला इथंच भेटायच्या.

भेटायच्या, आणि कोकिळाबाई घरी जाऊन दोन दिवस जळत राहायच्या.

कारण निशाचं सगळं भरून आलं होतं. जखमेची रेघ कानामागं अशी लपली होती की शोधून सापडू नये. कानात ती झुमके घालायची, ते हलले की तिला कळायचं. कोकिळाबाईंच्या उजव्या कानाची पाळी तेव्हापासून बधिर होती. आईनं दिलेली सोन्याची कुडी दिवाळीत कानातून कधी गळून पडली ते त्यांना आरशात बघेपर्यंत समजलं नाही. तिथं आता काळा धागा होता.

पण धाग्याचं दुःख लहान होतं. खरं दुःख गालाचं होतं. ऑपरेशनला सहा-सात महिने झाले आणि उजव्या गालातून पाणी पाझरायला लागलं. आधी गाल तांबडा व्हायचा, मग कानापासून हनुवटीपर्यंत ओल धरायची, मग थेंब. ताट पुढं आलं की हमखास. आमसुलाचं सार असलं, लोणच्याची फोड असली, तर पदर पिळावा इतकं. नवरा रमेशराव शाळेत गणित शिकवणारे. ते म्हणाले, "बुऱ्हानपूरच्या उन्हात कुणाला घाम येत नाही?" त्यानंतर कोकिळाबाई स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून जेवू लागल्या.

डॉक्टरांनी विचारलं नव्हतं असं नाही. पहिल्याच वेळी त्यांनी विचारलं होतं, "ताई, हे पाणी जेवताना येतं का?" आणि कोकिळाबाई पटकन "नाही" म्हणून बसल्या होत्या. त्यांच्या घरात जेवणाआधी हात जोडतात, चित्राहुती घालतात, पानात पडेल ते गोड मानून खातात. अन्न पुढं आलं की माझ्या अंगाला पाणी सुटतं, हे परक्या पुरुषाला सांगायचं म्हणजे आपण हावरट आहोत असं कबूल करणं. "कधीही येतं," त्या म्हणाल्या. मग आठवून, "सोमवारी मात्र येत नाही."

डॉक्टर हसले होते. "मग तर बरंच आहे. मीही सोमवारीच येतो."

सोमवारी येत नसे, हे खरंच होतं. सोमवारचा उपास कोकिळाबाई लग्नापासूनच करत, आणि आता तर त्यांनी सोळा सोमवार धरले होते. दिवसभर पाण्यावर, संध्याकाळी पूजा झाली की बिनमिठाचा चुरमा, तोही चार घास. त्या दिवशी गाल कोरडा ठणठणीत. ही महादेवाचीच कृपा, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग त्यांनी गुरुवार धरला, शनिवार धरला, एकादशी तर होतीच. त्या दिवशी नुसतं दूध. गाल बराचसा कोरडा. गल्लीतल्या बाया म्हणू लागल्या, "कोकिळाताईंसारखं कडक व्रत कुणाला जमायचं नाही." कोकिळाबाई खाली बघून हसायच्या. कुणाकडं जेवायचं बोलावणं आलं की "आज माझा वार आहे" म्हटलं की काम व्हायचं. वार देवाचा होता, पण त्याच्याआड आता त्यांचा गालही लपून बसायचा. हे त्यांना कळत होतं. कळत होतं तितकं वळत नव्हतं.

आता लपायला मात्र जागा नव्हती. लेकीचा, सायलीचा साखरपुडा अठरा दिवसांवर आला होता. त्यांच्याकडं साखरपुड्याच्या पंगतीत विहीण विहिणीला घास भरवते. दोन्हीकडची पन्नास माणसं बघत असतात, मोबाइल रोखलेले असतात. विहीण रंभाबाई मोठी बारीक नजरेची. तिच्या हातचा घास तोंडात पडला आणि गाल वाहायला लागला, तर ती काय समजेल? या बाईला काही रोग आहे, आणि तो लपवून लेक देतेय. सोळावा सोमवार साखरपुड्याच्या चार दिवस आधी पुरा होत होता. त्यावर कोकिळाबाईंनी सगळा भार टाकला होता.

आणि ही निशा एकही वार धरत नव्हती. तपासणीला दर वेळी काहीतरी खाऊन, मिटक्या मारतच आलेली असायची. पूर्ण तोंड उघडून हसायची. गाल पावडर लावल्यासारखा नितळ. "तुझं कसं गं?" विचारलं की "एकदम मस्त, ताई." मग कोकिळाबाईही म्हणायच्या, "माझंही मस्त."

मागच्या महिन्यात देवळात दिवा लावताना त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं, 'देवा, एकदा, एकदाच तिचाही गाल ओला होऊ दे.' मग त्या इतक्या घाबरल्या की प्रायश्चित्त म्हणून अकरा माळा जपल्या. जप संपला, पण मागणं मागे घेतलं का, ते त्यांना नीट आठवत नव्हतं.

आतून निशाच्या हसण्याचा आवाज आला. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. आपल्याला दोन मिनिटं, आणि हिच्याशी एवढं काय बोलतात? जी चांगली आहे तिच्यासाठी इतका वेळ, कोकिळाबाईंना वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या ठिकाणचं पाणी.

दार उघडलं आणि निशा बाहेर आली. तिचा डावा गाल निळाशार झाला होता. निळा म्हणजे काळपट निळा, दौत सांडल्यासारखा, कानापासून जबड्यापर्यंत. भोवती पेनानं कड काढलेली.

भूपेंद्र उठून उभा राहिला. "हे काय करून आली?"

"कायी नाही झालं, बसा तुम्ही," निशा हसत म्हणाली आणि कोकिळाबाईंजवळ बसली. "ताई, आयोडीन लावलं, वरून मक्याचं पीठ भुरभुरलं, अन् म्हने लिंबू चोखा. जिथं जिथं घाम फुटला तिथं तिथं निळं. आता तिथंच सुया देतील. औषध घेऊन आले ते."

"घाम?" कोकिळाबाईंनी विचारलं. "तुला कुठला घाम?"

निशानं मान खाली घातली. "एक साल झालं ताई. जेवायला बसली की गाल धो धो. घरात म्हनते, मिरची लागली. भूपेंद्रले बी मागच्या महिन्यात सांगितलं."

"मग मला 'मस्त' म्हणायचीस?"

"तुम्हाले कशी सांगू? तुम्ही इथं बसायच्या अश्या कोरड्या, देवीवानी. मी मनात म्हने, यांची देवाशी वळख आहे, यांचा गाल कसा गळंल. मी खादाड, माझाच गळंल." तिनं निळा गाल पुसायला हात उचलला आणि खाली घेतला. "खोटं कशाले सांगू, लई जळायची मी तुमच्यावर. मागच्या बारीला रागारागानं स्टँडवर दोन कचोऱ्या खाल्ल्या, चिंचेची चटणी घालून, अन् तश्शीच आत गेली. डाक्टरसाहेबांनी गाल पाह्यला अन् म्हने, हे तर मला आधी सांगायला पायजे होतं."

कोकिळाबाईंनी मनात हिशेब केला. एक वर्ष. म्हणजे त्यांनी देवाजवळ मागितलं त्याच्या कितीतरी आधीपासून. मनावरचा एक धोंडा उतरला. आणि लगेच दुसऱ्या बाजूनं जळजळ वर आली, कारण दुखणं त्यांचंही तेच होतं आणि खरं ठरलं ते निशाचं. तिच्या गालावर शाई उमटली होती, डॉक्टरांच्या पेनाची कड होती. पदराआड बसून, वार धरून, सव्वा वर्ष सोसून यांच्या गालावर काय होतं? काही नाही. आयुष्यात त्यांना कुणाच्या साडीचा, कुणाच्या दागिन्याचा इतका हेवा वाटला नव्हता, तितका त्या क्षणी त्या डागाचा वाटला.

"कोकिळा काकू," कवितानं हाक मारली.

डॉक्टरांनी नेहमीसारखं बोटांनी गाल चाचपला. "कोरडा आहे. छान."

"आज सोमवार आहे," कोकिळाबाई म्हणाल्या. "सोमवारी मी जेवत नाही. ते जेवतानाच येतं." एवढं बोलायला त्यांना सव्वा वर्ष लागलं होतं. बोलून झाल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी गालावरून हात काढला. "आणि मी सव्वा वर्ष तुम्हाला सोमवारीच बघतोय." मग खुर्ची पुढं ओढून ते समजावून सांगू लागले. ग्रंथी काढताना लाळेच्या बारीक नसा तुटतात, पुन्हा वाढताना त्या वाट चुकतात आणि घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. मग लाळ सुटायच्या वेळी घाम सुटतो. "यात तुमचं काही चुकलं नाही, ताई. हावरटपणाही नाही, पापही नाही. सुई दिली तर बरेच महिने थांबतं. आठ-दहा दिवसांत फरक दिसायला लागतो. बहुतेकांना. अगदी सगळ्यांना, असं मी नाही म्हणणार."

"आठ-दहा दिवसांत?"

"हो. पण कुठं द्यायची ते आधी बघावं लागेल. निशाताईंसाठी शिशी आणलीय, ती एकदा फोडली की ठेवता येत नाही. निम्मी तशीही उरेल. आत्ता लिंबू चाखलंत तर आजच होऊन जाईल. नाहीतर पुढची शिशी दोन आठवड्यांनी."

कवितानं बशी पुढं ठेवली. तिच्यात लिंबाची ताजी फोड होती. कडेनं रस सुटत होता.

दोन आठवड्यांनी म्हणजे साखरपुड्याला चार दिवस उरलेले. कोकिळाबाई फोडीकडं बघत राहिल्या. आज चौदावा सोमवार होता. तेरा पुरे, आणि आजचा अर्धा. एक थेंब जिभेवर पडला की सगळे गेले, पुन्हा एकपासून. निशाला काय सोडावं लागलं? काहीच नाही. तिनं कचोरी खाल्ली आणि तिला मिळालं. आपण मात्र चौदा सोमवार मोजून द्यायचे. हे त्यांना अगदी आतून लागलं.

मग त्यांना भिंतीकडं तोंड करून जेवायला बसलेली कोकिळा दिसली. त्या सोमवारांतला महादेवाचा वाटा किती आणि गालाचा किती, हे त्या आत्ताही सांगू शकल्या नसत्या. महादेवाला मात्र ते पहिल्या सोमवारीच ठाऊक असणार. ठाऊक असून त्यानं चालवून घेतलं होतं.

"लावा आयोडीन," त्या म्हणाल्या.

गाल थंड झाला, वाळला. कवितानं वरून पीठ चाळलं. कोकिळाबाईंनी डोळे मिटले, मनात हात जोडले, आणि फोड जिभेवर ठेवली. आंबट तोंडभर पसरलं. कानाखाली ओळखीची मुंगी चालायला लागली. या वेळी त्यांनी पदर वर केला नाही.

"अरे वा," डॉक्टर म्हणाले. "कविता, आरसा दे काकूंना."

आरशात त्यांचा गाल काळानिळा होत चालला होता. आधी ठिपके, मग ठिपके जुळून डाग, डाग पसरत कानावर, मानेच्या शिरेपर्यंत. दारातून निशा डोकावली.

"व माय," ती म्हणाली. "ताई, तुमचा तर माझ्याहून दुप्पट."

कोकिळाबाईंनी आरसा तिरका धरून नीट पाहिलं. खरंच दुप्पट होता. आणि रंगही गडद. त्यांना बरं वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती, तीही जरा वेळानं वाटली, पण आधी बरंच वाटलं.

शिशी दोघींना पुरली. कोकिळाबाईंना चार सुया जास्त लागल्या, हेही त्यांनी मोजलं.

नंतर दोघी बाकावर बसल्या, पुसून पुसून न निघालेली निळाई गालावर घेऊन. भूपेंद्र मोटारसायकल काढायला गेला होता. रमेशरावांना दाखवायला कोकिळाबाईंनी कविताकडून फोटो काढून घेतला होता. गणिताच्या माणसाला पुरावा लागतो.

"ताई, तुमचा उपास मोडला ना माझ्यापायी?" निशानं विचारलं.

"तुझ्यापायी नाही. पुढच्या सोमवारपासून पुन्हा पहिला."

"काय मागशाल आता?"

कोकिळाबाईंनी विचार केला. "काही ठरवलं नाही. या वेळी नुसताच करीन म्हणते."

"मग मी बी धरते तुमच्यासंगं. दोघींचा पहिला एकाच दिवशी."

कोकिळाबाईंच्या काळजात बारीक काहीतरी टोचलं. चौदा सोमवार पुढं होत्या त्या, आणि आता ही खादाड पोरगी पहिल्यापासून बरोबरीनं चालणार. उद्यापन दोघींचं एकाच दिवशी होणार, आणि बाया निशाचंच कौतुक करणार, नवीन म्हणून. त्यांनी माळेचा अडकलेला मणी पुढं सरकवला.

"धर," त्या हळूच म्हणाल्या. "पण चुरम्यात मीठ नसतं, सांगून ठेवते. कचोरीवाल्याला आधीच कळवून ये."

"पाहूनच घेऊ," निशा म्हणाली, आणि निळा गाल घेऊन पूर्ण तोंड उघडून हसली.