पुरेशी काळी नसलेली राणी

मी रंगाची डबी बोलतेय. पत्र्याची, तळहातावर मावेन एवढी. झाकणावर लिहिलंय, 'काळा, गडद'. बोलायची मला सवय नाही, पण आता डोक्यावरून पाणी गेलं.

कारखान्यातून मी थेट एका मूकपटाच्या रंगपटात आले. ऐतिहासिक चित्र होतं. पुठ्ठ्याचा किल्ला, पत्र्याच्या तलवारी आणि एक शूर राणी. ती राणी काळी होती, असं इतिहासाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं. दिग्दर्शकसाहेबांनी नायिका निवडली ती मात्र गोरीपान! मग माझी आठवण झाली. रोज सकाळी रंगवणारे दादा स्पंजाने बाईंच्या गालांवर मला थापायचे आणि बाई नाक मुरडायच्या, जसं काही मी त्यांना चावतच होते.

त्याच खोलीत, खिडकीपाशी, कपडे शिवणारी ताई मशीन चालवायची. खरीखुरी काळी, पाणीदार डोळ्यांची. राणीचे सगळे झगे तिच्याच हातचे. तिचे वडील टांगा हाकायचे, त्यामुळे घोड्यांत वाढलेली. नायिका घोडा दिसला की दहा पावलं मागे. म्हणून लांबच्या दृश्यांत झगा घालून ताईच दौड मारायची. "तोंड कॅमेऱ्याकडे करायचं नाही," अशी सक्त ताकीद.

एकदाच तो नियम मोडला. लढाई जिंकल्यावर राणी घोडा वळवते आणि आपल्या शहराकडे डोळे भरून बघते, असं दृश्य होतं. ते जवळून घ्यायचं होतं आणि नायिकेने तर हात टेकलेले. ताईने ते पहिल्याच फटक्यात केलं. दुसऱ्या दिवशी दादांना सांगत होती, "आईला म्हटलं, तुझी लेक पडद्यावर दिसणार. तिने सगळ्या गल्लीला सांगून टाकलं हो!"

चार दिवसांनी फिल्म धुऊन आली आणि साहेब तरातरा रंगपटात शिरले.

"राणी मधेच उजळ कशी झाली?"

झालं होतं असं, की माझ्यामुळे नायिका कोळशासारखी दिसत होती आणि ताई माणसासारखी. साहेबांनी ताईकडे बोट दाखवलं. "हिला रंग लावा. ही पुरेशी काळी दिसत नाही."

मला वाटलं, आता तरी कुणी हसेल. कुणीही हसलं नाही!

"मला रंग, साहेब?" ताईने मशीन थांबवलं. "राणी माझ्यासारखी होती ना? मग मी बाईंसारखी का दिसू?"

"लोक बाईंना बघायला येतात. जास्त शहाणपणा नको."

दादा बिचारे मला घेऊन पुढे झाले. ताईने त्यांचं मनगट धरलं. "नको दादा. माझ्या आईला तिची लेक ओळखू आली पाहिजे."

संपलं. तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. ते दृश्य नायिकेने लाकडी घोड्यावर बसून दिलं. खालून दोन माणसं घोडा हलवत होती. चित्र तुफान चाललं. ताईची आई म्हणे तीनदा बघून आली आणि तिन्ही वेळा लेकीची पाठच बघून परतली. हे ऐकलं तेव्हा मला माझ्या रंगाची शिसारी आली.

फिल्म कापून जोडणाऱ्या काकांना मात्र ताईचं दृश्य फेकवेना. तोवर मी रिकामी झाले होते. त्यांनी मला पुसलं, ती फीत गुंडाळून माझ्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

आज मी एका संग्रहालयाच्या कपाटात आहे. परवा एक गृहस्थ वही घेऊन आले. मला कानाशी धरून हलवलं, आतली खुडखुड ऐकली आणि लिहिलं, 'काळा रंग, वाळलेला. नायिकेने वापरलेला.' अहो, इतकी घाई? झाकणावर वाचलंत ते पुरलं तुम्हाला?

फीत ठिसूळ झाली आहे. रोज कडेचा थोडा चुरा माझ्या तळाशी पडतो. फार दिवस उरले नाहीत. मला काचेत मांडू नका, माझा फोटो काढू नका. फक्त झाकण उघडा. ताई आत आहे, घोडा वळवून, तोंड तुमच्याकडे करून.