हिवरखेडची निवडक पऱ्हाटी

प्रणालीचं डोकं चालेनासं झालं होतं. दर्यापूरहून अमरावतीला येऊन जिनं डोकं या एकाच भांडवलावर रसायनशास्त्रात टिकाव धरला, तिच्यासाठी हे दिवाळंच.

कापूस वेचून उरलेली पऱ्हाटी ती भट्टीत हवेविना जाळायची, कोळसा धुऊन दळायची, त्यावर लोहाच्या ऑक्साईडचे डोळ्यांना न दिसणारे कण चढवायची आणि त्याचा लिथियम बॅटरीसाठी ॲनोड करायची. पहिल्या खेपेची बटणाएवढी बॅटरी कितीदाही चार्ज करा, थकेचना. मार्गदर्शक कुंदन सरांनी साऱ्या विभागाला पेढे चारले. दुसऱ्या खेपेच्या बॅटरीनं आठवड्यात मान टाकली, तिसरीनंही तेच केलं. पेढे खाऊन तोंड पुसलेली माणसं आता पहिल्या आकड्यांकडेच तिरकं पाहू लागली. सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत पुन्हा जमलं नाही, तर विषय बदलू."

भट्टी तीच, हात तेच, पऱ्हाटी आणणारे बाबाही तेच. मग बिनसलं कुठं?

राजापेठेच्या थांब्यावर नत्थुजी बसमधून उतरले ते नवी मोळी खांद्यावर घेऊन, लग्नाचा आहेर आणल्यासारखे.

"बाबा, ही आपल्याच वावरातली ना?"

नत्थुजींना लागलंच. "मी का येडा आहो? आपलं वावर खारपानपट्ट्यातलं, मातीतच मीठ! पयल्या खेपेले तुही घाई, म्हनून घरचीच देल्ली. मंग तुही माय लागली माह्या मांगं. म्हने, पोरगी डॉक्टर होऊन राहिली, अन् तुमी तिले कचरा देता! तवापासून मामाकून आनतो, हिवरखेडची. गोड्या पान्याची, निवडून!"

बाहेर द्यायचं ते निवडक, घरात वापरायचं ते उरलंसुरलं, हा त्यांच्या घरचा कायदा. त्या कायद्यानंच पोरीचा घात केला होता.

की नव्हता? लिथियम शिरलं की ऑक्साईड फुगतं. खाऱ्या मातीतून पऱ्हाटीत चढलेलं मीठ धुऊन गेल्यावर कोळशात बारीक भोकं उरत असतील, तीच त्याला फुगायला जागा देत असतील. असतील! तिला धड काहीच सांगता येईना. बापाला मोळीसकट तिनं उलट्या बसमध्ये बसवलं आणि स्वतःही चढली.

घरी पार्बताबाई चुलीपुढे बसल्या होत्या. घरच्या पऱ्हाटीची शेवटचीच मोळी उरली होती, आणि तिच्यातली काडी त्या मोडणार, तोच प्रणाली ओरडली, "आई, थांब!"

"अव, मंग भाकर कशावर टाकू?"

"मामाच्या पऱ्हाटीवर!"

"देवा! भावाची निवडक पऱ्हाटी चुलीत?" असं म्हणत पार्बताबाईंनी ती घातलीही, आणि भाकर झकास फुगली.

दिवाळीच्या तोंडावर घरच्या पऱ्हाटीची बॅटरी टिकली. सरांनी विषय राहू दिला, पण पेढे मागवले नाहीत. खार हेच कारण, हे आधी सिद्ध कर, म्हणाले.

प्रणालीनं घरी फोन केला. बातमी सांगितली.

"बरं झालं, बाई," नत्थुजी म्हणाले. "पन मामानं अजून एक गाडीभर काढून ठेवली तुह्यासाठी. त्याले आता काय सांगू? लय चांगली हाय, म्हनून नको?"