पाणी आधी, विस्तव मागून

आमचा शामसुंदर येतो तो माझ्याकडे येत नाही, न्हाणीतल्या बंबाकडे येतो. घोड्याचा जटका दारात थांबला की बाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर, पिशवी टाकायची, पाय धुवायचे आणि विचारायचं, "आई, पाणी नीट तापतंय कां?" आईचे गुडघे कसे आहेत, आई रात्री जेवते कां, हे त्याच्या मागून. कधी मागूनही नाही. एकुलता एक मुलगा, तिरुच्चीला इंजिनेर, आणि रीत ही अशी.

बंब त्यानंच केलेला. त्याचे वडील गेल्यावर आईनं चुलीपुढे फुंकत बसू नये असं त्याच्या मनात आलं. आमचा जुना उंच बंब त्यानं भांडीवाल्याच्या गळ्यात घातला, बदल्यात तांब्याची नळी आणली आणि ती चकलीसारखी वळवून लोखंडी डब्यात बसवली. मधे विस्तव. या बंबाच्या पोटात पाणी साठत नाही. माडीवरच्या टाकीतून गार येतं, वेटोळ्यांतून फिरतं, खालच्या नळातून कढत पडतं. दोन करवंट्या जाळल्या की न्हाणं झालं. आमच्या या मेलकावेरी गावात असा दुसरा नाही, हे तो अभिमानानं सांगतो. मीही सांगते, पण त्याच्यासमोर नाही.

जुना बंब तापायला वेळ घ्यायचा. त्या वेळात समोरची अलमेलु आपली घागर घेऊन यायची, पलीकडची वसंता यायची. न्हाणीच्या पायरीवर बसून गावातल्या सगळ्या सुना आम्ही धुवून वाळत घालायचो. आता पाणी ताबडतोब येतं. बसायला कारण उरलं नाही, म्हणून कोणी बसत नाही. शुक्रवारी तेल लावून मी एकटीच न्हाते. पाठीवर मधोमध हात पोचत नाही तेवढी जागा तेलाशिवाय राहते. चार वर्षं झाली, ती जागा कोरडी आहे.

या बंबाचा एकच गुण. आमच्या आडाचं पाणी जड. नळीला आतून खार धरतो, पाणी बारीक होत जातं, आणि सहा महिन्यांनी बंब धुवावा लागतो. गावात कोणाला ते येत नाही. म्हणून शामसुंदर येतो. लोक पांढऱ्या खाराला शिव्या देतात. मी देत नाही.

या खेपेला मात्र कापीचा पेला खाली ठेवायच्या आधीच तो म्हणाला, "आई, माझी भिलईला बदली झाली. लांब आहे. आता असं येणं जमायचं नाही. बंब कसा धुवायचा ते तुला शिकवून जातो."

"आणि मला नाही जमलं तर?"

"तर बंब काढून टाकू, घराला कुलूप लावू. तू माझ्याबरोबर चल. चोंदलेल्या नळीखाली विस्तव म्हणजे खेळ नाही."

भिलईला मी काय करू? तिथे सगळी हिंदी. आणि आपलं पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं मराठी ऐकून तिकडचे मराठी लोकसुद्धा हसतात म्हणे, जुन्या पोथीतलं वाटतं त्यांना. म्हणजे शिकले तर मुलगा यायचा नाही, न शिकले तर घर जायचं. मी ठरवलं, शिकत राहायचं. पुरं शिकायचं नाही.

शुक्रवारी सकाळी बंब गार होता. त्यानं पिशवीतून कारखान्यातली ॲसिडची बाटली काढली. "यानं घटकेत साफ होतं."

"तांब्याला तांब्याचं औषध," मी म्हटलं. "या गावात जन्मभर तांबं घासलंय मी. ती बाटली न्हाणीत आली तर मी बाहेर जाईन. चिंच भिजत घालते."

"चिंचेला दिवस लागेल आई."

"लागू दे."

चिंच मी मुद्दाम गार पाण्यात भिजवली. कढत पाण्यात लवकर भिजली असती. कोळ काढून पातळ केला आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला, फिरून गाळला. एक दोरा जरी नळीत गेला तरी अडकायचा. तेवढं मी केलं, कारण चुकीचं काम माझ्या हातून होत नाही. बाकी मी काही कळू दिलं नाही.

त्यानं वरचा नळ बंद केला, खालचा उघडून नळीतलं पाणी काढलं, मग खालचा बंद केला, वरचा सांधा सोडवला आणि नरसाळं लावून कोळ ओतला. "रात्रभर राहू दे. कळलं?"

"कोणता नळ आधी म्हणालास?"

त्यानं फिरून सांगितलं. मी फिरून विचारलं. शेवटी तो तांबड्या रंगाची डबी घेऊन आला आणि खालच्या नळावर ठिपका दिला. "हा तांबडा, कढत पाण्याचा. आता विसरणार नाहीस."

"नळाला कुंकू लावलंस," मी म्हटलं. "बरं केलंस. या घरात कुंकवाला जागा नव्हती."

तो हसला नाही. त्याचे वडील हसले असते.

मी शेवटची अडचण काढली. "नळातलं ते पाणी अडवणारं चामड्याचं चक्र बदलायचं असतं ना? सोवळ्यातली बाई मी. चामड्याला हात लावणार नाही."

"ठाऊक होतं मला. रबराचं आणलंय," तो म्हणाला आणि काळं चक्र माझ्या तळहातावर ठेवलं. एवढंसं होतं. माझ्या सगळ्या अडचणी त्याच्या भोकातून गेल्या.

शनिवारी पहाटे कोळ काढला. गढूळ, पांढरट, खपल्यांसकट. मग सांधा जोडून स्वच्छ पाणी सोडलं, नितळ येईपर्यंत. बंब बाहेरून मी काथ्यानं घासला, राख काढली. शनिवार पुरुषांच्या तेलाच्या न्हाण्याचा म्हणून मिरीदाणे टाकून तिळाचं तेल कोमट करायला गेले.

"तेल नको आई, गाडी चुकेल," तो न्हाणीतून म्हणाला. "चक्र बदलतो, विस्तव लावून दाखवतो, झालं."

मी वाटी घेऊन दाराशी आले. चक्र बदलायला त्यानं वरचा नळ बंद केला होता. नवं चक्र बसवून खालचा आवळला होता. दोन्ही बंद. नळीत उरलेलं पाणी कोंडलेलं. आणि त्यानं करवंट्यांवर रॉकेल शिंपडून काडी ओढली.

"विझव ती."

काडी हातातच राहिली. त्यानं वर पाहिलं.

"वरचा नळ बंद आहे. तांबडाही बंद आहे. वाफ कुठून जाईल, तुझ्या तोंडावरून? पाणी आधी, विस्तव मागून. आधी दोन्ही नळ सोड, खाली धार पडू दे, बोटाएवढी जाड आहे कां बघ, मग काडी. बंद करताना विस्तव आधी काढायचा, नळी गार होईपर्यंत पाणी चालू ठेवायचं. जेवणाआधी आपोष्णी घेतात तसं आहे. यात इंजिनेर व्हायला नको."

काडी त्याच्या बोटापर्यंत आली तेव्हा त्यानं फुंकली. नळ सोडले. धार पडली, चांगली जाड. त्यानं धारेशेजारी बोट धरून जाडी ताडून पाहिली.

"तुला सगळं येतं," तो म्हणाला. "कधीपासून?"

"तू पहिल्यांदा केलंस तेव्हा मी इथेच उभी होते."

"मग काल दिवसभर मला..." तो थांबला. मूर्ख नाही तो. आईवर गेला आहे.

तो पायरीवर बसला, अलमेलु बसायची तिथेच, आणि सदरा काढला. मी तेल लावलं. डोक्याला, खांद्यांना, आणि पाठीवर मधोमध, जिथे आपला हात पोचत नाही. त्याचे केस पिकू लागलेत हे मला ठाऊक नव्हतं. न्हाऊन आला तेव्हा घराला मिरीचा वास लागला होता. सकाळची गाडी गेली होती. दुपारच्या गाडीसाठी जटका आला, घोडा शेपटी हलवत उभा राहिला. शामसुंदर आत चढून बसला, पिशवी मांडीवर, मान खाली.

"आई, म्हणजे आता बंबाची काळजी नाही," तो म्हणाला.

अलमेलु समोरच्या तिण्णैवरून बघत होती. मी तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"बंबाची नाही. तो मी धुवीन, भिलईला मी येत नाही. काळजी तुझी आहे. तू हुशार आहेस, पण घाईचा आहेस, आणि घाईच्या माणसाला मी एकट्याला बंबापाशी सोडत नाही. अजून तुला येत नाही, शाम. सहा महिन्यांनी ये. शिकवीन."