निचरागुरुजींचा टब

टबातलं पाणी तपकिरी व्हायला लागलं की पहिल्या रांगेतली माणसं उठून उभी राहायची. मागचे ओरडायचे, "अहो बसा, आम्हालाही दिसू द्या!" दहा मिनिटांपूर्वी सगळ्यांदेखत नळाखाली भरलेलं स्वच्छ पाणी, त्यात गुडघेदुखीने बेजार झालेल्या पोस्टमनचे दोन पाय, आणि आता बघावं तर गढूळ काढा, वर पिवळट फेस. हॉलमध्ये दीडदोनशे माणसं तोंडात बोटं घालून बघत असायची.

"हे कुठून आलं?" निचरागुरुजी विचारायचे.

"पायांतून!" अख्खा हॉल म्हणायचा.

"तपकिरी म्हणजे?"

"यकृत!"

"काळे ठिपके?"

"सांधे!"

"आणि हा फेस?" इथे गुरुजी आवाज खाली आणायचे. "ही तुमची लसीका. डॉक्टर लोक लिम्फ म्हणतात. शरीरातली गटारं आहेत ही, मंडळी. गटार तुंबलं तर तुम्ही त्याला गोळी देता का? निचराच करता ना?"

टाळ्यांचा कडकडाट. मी मागच्या भिंतीला टेकून, खिशात टेस्टर घालून उभा असायचो आणि मनातल्या मनात हसायचो.

मी वायरमन. गुरुजींच्या यंत्राची देखभाल माझ्याकडे होती. यंत्र म्हणजे वीज कमी करून सोडणारा एक डबा, त्याला दोन वायरी आणि वायरींच्या टोकाला जाळीत बसवलेल्या दोन पट्ट्या. पट्ट्या टबात सोडायच्या, पाण्यात मूठभर 'सागरस्फटिक' टाकायचे. सागरस्फटिक म्हणजे जाडं मीठ. पहिल्याच दिवशी गुरुजींनी झिजून चाळणी झालेल्या पट्ट्या माझ्या हातावर ठेवल्या.

"अशाच नव्या करून दे. स्टेनलेस नको हं, साधं लोखंड हवं."

त्याच क्षणी मला सगळं समजलं. मिठाच्या पाण्यात लोखंड बुडवून वीज सोडली तर ते झरझर गंजणारच. पाणी रंगत होतं ते गंजाने. पण मी मूग गिळून गप्प बसलो. कोमट पाण्यात पाय बुडवून कुणाचं काय वाईट होणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. लोक खुळे आहेत, आपण शहाणे आहोत, एवढ्यावर माझं समाधान होतं.

मग एके दिवशी टबापुढच्या खुर्चीवर माझी ताई बसली.

ताई लाँड्रीत इस्त्रीचं काम करते. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. कर्करोग गेला, पण उजवा हात सुजायला लागला. डॉक्टरांनी घट्ट विणीची बाही दिली होती, दिवसभर घालायची. उन्हाळ्यात लाँड्रीत ती बाही म्हणजे शिक्षाच. शेजारणीने तिला गुरुजींकडे आणलं.

गुरुजींनी तिचा हात बोटाने दाबला, खळगा पडला, तो सगळ्यांना दाखवला. "बघा, लसीका कशी अडकलीय! आणि वर हे आवळून ठेवलंय. ताई, बाही काढा आधी. विषाला वाट द्या!"

पाणी तपकिरी झालं. ताईने मागे वळून मला शोधलं आणि हसली. दोन वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती.

घरी जाताना म्हणाली, "हात हलका वाटतोय रे."

तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण तिचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, जाऊ दे, बरं वाटतंय तर वाटू दे. आज नीट विचार केला तर त्यात माया अर्धीच होती. उरलेली अर्धी भीती होती, की ती विचारेल, "मग तू तिथे काय करतोस?"

महिनाभर ताईने बाही घातलीच नाही, आणि मग तिच्या उजव्या हाताच्या बोटाला इस्त्रीचा चटका बसला. वाटाण्याएवढा फोड. दुसऱ्या दिवशी मनगटापर्यंत लाली चढली, हात तापला. ती गुरुजींकडे गेली. ते म्हणाले, "उत्तम! विष वर येतंय. आता गोळ्या खाऊन दाबू नका." तिसऱ्या दिवशी लाली कोपराच्या वर गेली. चौथ्या दिवशी सकाळी तिला हुडहुडी भरली आणि ती मला 'बाबा' म्हणून हाक मारायला लागली. आमचे वडील जाऊन सोळा वर्षं झाली आहेत.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी हात बघितला आणि आधी सलाइन, इंजेक्शनं सुरू करून मगच मान वर केली.

"चार दिवस काय करत होतात?"

मी टबाचं आणि पायांतून काढायच्या लसीकेचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि राग आवरून समजावून सांगितलं. "रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी सतत बाहेर पाझरतं. ते गोळा करून पुन्हा रक्तात नेणाऱ्या बारीक वाहिन्यांचं जाळं अंगभर असतं. त्यातला द्रव म्हणजे लसीका. तिला ढकलायला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्या स्वतः आकसतात, आपण हालचाल करतो, श्वास घेतो, त्याने ती पुढे सरकते. मागे येऊ नये म्हणून आत झडपा असतात. ती गळ्याच्या खाली पुन्हा रक्ताला मिळते. पायांतून बाहेर पडायला तिला दारच नाही."

"आणि गाठी?"

"त्या चौक्या. काखेत, मानेत, जांघेत. लसीका त्यांतून गाळून जाते. रोगजंतू आला की तिथल्या पांढऱ्या पेशी त्याला ओळखतात, त्याच्याशी लढणाऱ्या पेशी वाढवतात. घसा बिघडला की मानेत गाठ दुखते ना, ती लढाई चाललेली असते. तुमच्या ताईच्या काखेतल्या चौक्या काढाव्या लागल्या. त्यामुळे पाणी साचतं आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. बाही साचणं कमी करते. म्हणून बाही घालायची, आणि साधा चटका बसला तरी त्याच दिवशी यायचं. तुम्हाला कुणी हे सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. दुसऱ्या कुणीतरी त्यावर तपकिरी पाणी ओतलं होतं, आणि त्या पाण्याचा रंग माझ्या हातचा होता.

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी खाटेजवळ बसून ताईला सगळं सांगितलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे मी खुर्चीवर बसले तेव्हा..."

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मला हसत होतास?" आणि उत्तराची वाट न बघता भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या रविवारी हॉल भरला तेव्हा मी दुसरा टब घेऊन गुरुजींच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. पाणी भरलं, मीठ टाकलं, तसाच डबा, तशाच पट्ट्या. पायांतल्या रबरी चपला काढून पाण्यात बुडवल्या आणि बटण दाबलं.

"अरे, हे काय चालवलंयस?" गुरुजी म्हणाले.

"निचरा."

पाच मिनिटांत पाणी पिवळं, दहा मिनिटांत तपकिरी. कुणीतरी फिसकन हसलं.

"गुरुजी, माझ्या चपलेचं यकृत बिघडलंय का हो?"

"इथल्या वातावरणातलं विष खेचतंय ते!" गुरुजींनी हात उंचावले. "एवढी आजारी माणसं जमलीत..."

तेव्हा दुसऱ्या रांगेतून गणिताच्या निवृत्त बाई उठल्या. "म्हणजे आमच्या पायांशिवायही होतं. मग इतके दिवस पाय कशाला घेत होतात?"

गुरुजींनी पाण्याचा घोट घेतला. मी एका हातात नवी पट्टी, दुसऱ्यात झिजलेली धरली. "हे लोखंड कुठे गेलं? तुमच्या टबात. पाय असोत वा नसोत, रंग येणारच. या पट्ट्या मीच बनवल्या आहेत."

गुरुजी वायरी गुंडाळायला लागले होते, पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. पोस्टमन लंगडत माझ्यापुढे आला.

"मी गोळ्या बंद केल्या होत्या," तो म्हणाला. "तू रोज इथेच उभा असायचास की रे."

मी डब्याचं बटण बंद केलं.

गुरुजी त्याच आठवड्यात गाव सोडून गेले. ताईचा हात वाचला, पण सूज आधीपेक्षा वाढली, आणि डॉक्टरबाई म्हणतात ती पूर्ण उतरणार नाही. मी कापडी पट्टी बांधायला शिकलोय. रोज सकाळी तिच्या हाताला बोटांपासून वरपर्यंत बांधतो. ती "जरा सैल" किंवा "ठीक" एवढंच म्हणते.

आता कुणी बोलावलं की मी टब घेऊन जातो आणि तेच करून दाखवतो. लोकांना मी एवढंच सांगतो: कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, माणूस बाजूला काढला तरी हे घडतं का? स्वतः करून बघा. सुजलेल्या हाताला, लाल झालेल्या कातडीला, मानेतल्या न जाणाऱ्या गाठीला डॉक्टर दाखवा, आणि आजच दाखवा. आणि तुमच्यापैकी ज्याला युक्ती कळली असेल, त्याने भिंतीला टेकून हसत उभं राहू नये. फसवणारा एकटा कधीच पुरा पडत नाही. त्याला माझ्यासारखी गप्प बसणारी शहाणी माणसं लागतात.