तपासणाऱ्याचं नाव

"दादा, ओटीपी गेला. मोबाइल बघा," ट्रेनर बाई म्हणाल्या.

दादांनी खिशातला मोबाइल काढला, बघितल्यासारखं केलं आणि परत ठेवला. त्यावर काही येणार नव्हतं. ओटीपी गेला होता धाकट्या भावाच्या मोबाइलवर, आणि धाकटा कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता.

बाहेर काचांनी भरलेली गाडी फाटकाशी उभी होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. गोदामात कुणी हॉर्न वाजवलेला दादांना मुळीच खपत नसे, पण आज ते नुसतेच उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन खुर्चीच्या टोकावर टेकले.

"नंबर जुना असेल तर बदलून देते," बाई म्हणाल्या. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती शिकवायला त्या सकाळपासून आल्या होत्या. "किंवा नावच काढून टाकू. एका बटणाचं तर काम आहे."

"थांबा जरा," दादा म्हणाले.

हे सॉफ्टवेअर दादांच्या डोळ्यांदेखत मोठं झालं होतं. पहिली आवृत्ती अगदीच भाबडी. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि तुम्ही जे भराल ते मुकाट्याने गिळणार. दुसरीला थोडी अक्कल आली. तिने सांगितलं की माल भरणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, दोघांनी आपापला पासवर्ड टाकल्याशिवाय गाडी सुटणार नाही. भरणारे दादा, तपासणारा धाकटा. दोघे सख्खे भाऊ, त्यामुळे पहिल्याच दिवशी दोघांनी एकमेकांना पासवर्ड सांगून टाकले. घरात काय लपवायचं, असं म्हणून हसलेही होते.

तिसऱ्या आवृत्तीत कुणी काय केलं ते नावासकट दिसू लागलं, आणि तिथेच घोळ झाला. धाकट्याने एक गाडी अडवली होती. काच उभी भरतात आणि ओळींमध्ये लाकडी पाचरी ठोकतात. त्या नीट बसल्या नाहीत, परत लाव, असं त्याचं म्हणणं. दादांना घाई होती. धाकटा जेवायला गेला तसा त्यांनी त्याचा पासवर्ड टाकून गाडी सोडली. वळणावर सगळा माल फुटला. मालकांनी विचारलं, कुणी पास केली? पडद्यावर धाकट्याचं नाव होतं. दादा शेजारीच उभे होते आणि त्यांच्या तोंडाला जणू कुलूप लागलं. धाकट्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, डबा उचलला आणि तो गेला तो गेलाच.

त्याच्या जागी मालकांनी माणूस नेमला नाही. पडद्यावर दोन नावं दिसली की त्यांचं भागत होतं. चौथी आवृत्ती आली, इंटरनेटवर गेली, नटली, सजली, पण पासवर्डापलीकडे तिने काही विचारलं नाही. दादा रोज स्वतः गाड्या भरत आणि धाकट्याच्या नावाने तपासत. आज मात्र पाचवीने त्यांना बरोबर धरलं.

खिशात मोबाइल वाजला. दादांनी तो कानाला लावला.

"गोदामाच्या नावाने हा कसला ओटीपी आलाय मला?" धाकट्याचा आवाज. जरा जाड झालेला, पण तोच.

"नवीन व्हर्जन आलंय."

"मग माझा काय संबंध?"

दादांनी बाईंकडे पाठ केली. "तपासणारा म्हणून अजून तुझंच नाव आहे."

"म्हणजे इतकी वर्षं तू माझ्या नावावर गाड्या सोडतोयस?"

"हो."

आता हा फोन आपटणार, असं दादांना वाटलं.

"आत्ता काय भरलंय?" धाकट्याने विचारलं.

"दारांच्या काचा."

"पाचरी ठोकल्यात?"

"ठोकल्यात."

"तू बघितल्यास?"

हो म्हणायची सवयच होती. हो ओठांवर आलंही, पण या आवाजासमोर ते बाहेर पडेना. "नाही," दादा म्हणाले. "हमालांनी सांगितलं."

"मग बघून ये. फोन ठेवू नकोस."

दादा बाहेर आले. एका हातात मोबाइल, दुसऱ्याने गाडीचं मागचं फळकूट धरून वर चढले. गुडघ्यांनी कुरकुर केली. त्यांनी एकेक पाचर हलवून बघितली. मागच्या ओळीतली एक सरळ हातातच आली. त्यांनी खाली वाकून हमालाकडून हातोडी मागितली आणि ती ठोकून बसवली.

"एक सैल होती," ते मोबाइलमध्ये म्हणाले. "आता घट्ट आहे."

"बाकीच्या?"

"बाकीच्या ठीक आहेत." दादा तिथेच काचांना पाठ लावून बसले. "त्या दिवशी मालकांसमोर मी बोलायला हवं होतं. बटण मी दाबलं होतं."

"हो," धाकटा म्हणाला. "बोलायला हवं होतंस."

त्याने 'जाऊ दे' म्हटलं नाही आणि सुनावलंही नाही. दादांना वाटलं, सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

"पहिला ओटीपी आता चालायचा नाही," धाकटा म्हणाला. "नवा पाठवायला सांग."

दादांनी आत आवाज दिला. थोड्या वेळाने धाकट्याने आकडे सांगितले आणि दादांनी ते फळकुटावरच्या धुळीत बोटाने लिहून घेतले.

"आता माझं नाव काढ तिथून."

"बरं."

"आणि दादा, जो कुणी ठेवशील तो तुला नाही म्हणणारा ठेव."

फोन बंद झाला. दादांनी आत येऊन आकडे टाकले, गाडी सुटली. मग त्यांनी बाईंना बाजूला व्हायला सांगितलं आणि धाकट्याचं नाव स्वतःच्या हाताने काढलं. ती जागा रिकामी होऊन लुकलुकत राहिली. दादांना तिच्याकडे बघवेना.

"इथे कोण?" बाईंनी विचारलं.

दादांनी हमालांच्या मुकादमाला बोलावलं. वाद घालून समोरच्याचं डोकं खाणारा माणूस म्हणून तो गोदामात प्रसिद्ध होता. त्याचं नाव भरलं, नंबर भरला.

दुसरी गाडी भरून झाली. मुकादम चढला, मागून पुढे गेला, पुढून मागे आला आणि वरूनच ओरडला, "ही ओळ परत लावावी लागेल दादा. मी नाही सोडत."

ड्रायव्हरने दादांकडे बघितलं.

"मग उतरवा," दादा म्हणाले, आणि काच धरायला स्वतः पुढे झाले.